एसटी नाही तिथे वडाप: नुसती बंदी नको, परवाना द्या आणि तपासणी करा (कोकण)

रातांबा

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास आमच्याकडे वडापवर, म्हणजे माणसं गोळा करत जाणाऱ्या खाजगी जीपांवर, कारवाई होते. तिठ्यावर पोलीस आणि परिवहन खात्याची गाडी उभी राहते, चलानं फाटतात, जीपवाले आठवडाभर गाड्या घरी ठेवतात. त्या आठवड्यात कॉलेजची मुलं सड्यावरून (उघड्या कातळमाळावरून) चालत येतात, म्हाताऱ्यांच्या दवाखान्याच्या तारखा चुकतात. पुढच्या आठवड्यात त्याच जीपा, तीच माणसं, तेवढीच कोंबाकोंबी. कारवाईला माझा विरोध नाही. ती अर्धवट सोडली जाते, याला विरोध आहे.

धोका खरा आहे. बाजारपेठेकडे जाणारा आमचा रस्ता एका गाडीचा, साइडपट्टी जवळजवळ नाहीच, पावसात गटाराचं पाणी डांबरावरून वाहतं. आठ माणसांचं पासिंग असलेल्या गाडीत चौदा-पंधरा बसतात. मागच्या दोन बाकांच्या मधे लाकडी फळी टाकलेली असते, तिच्यावर शाळेची मुलं. चालक आणि त्याचं दार यांच्या मधल्या जागेतही एक माणूस बसवलेला, त्यामुळे चालक तिरका होऊन गिअर टाकतो. मागचं दार लागत नाही म्हणून नायलॉनच्या दोरीने हुकाला बांधलेलं. गाडी उलटली तर ती दोरी आतून कोण सोडणार? त्या फळीवर माझी भाची रोज बसते, म्हणून हे इतकं बारकाईने पाहिलंय.

आता माणसं त्या गाडीत का बसतात ते बघा. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली आणि पुढे 'रस्ता तिथे एसटी' हे ब्रीद झालं. कोकणात ते बरंचसं खरं करून दाखवलं वस्तीच्या गाडीने. रात्री गाडी गावात मुक्कामाला यायची, चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे, पहाटे तीच गाडी दूध, भाजी, मुलं, आजारी माणसं घेऊन तालुक्याला जायची. कोविडआधी एसटीकडे राज्यात 18 हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर ताफा पुष्कळ घटला. 2021च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप 2022च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात खेडोपाडी जी माणसं वडापला लागली त्यातली बरीच परत एसटीकडे वळली नाहीत, कारण आडगावच्या अनेक फेऱ्या परत आल्याच नाहीत.

फेरी ठेवायची की बंद करायची हे ठरतं भारमानावर, म्हणजे गाडीतली किती आसनं भरली यावर. आमच्यासारख्या गावात सकाळची गाडी भरून जाते आणि रिकामी परत येते, संध्याकाळी त्याच्या उलट. सरासरी काढली की भारमान निम्म्यावर. वर विद्यार्थी पासवर, बारावीपर्यंतच्या मुली मोफत, 75 वर्षांवरचे 2022पासून मोफत, महिलांना 17 मार्च 2023पासून निम्मं तिकीट. या सगळ्या सवलती चांगल्या आहेत, आणि ज्यांच्यासाठी आहेत त्या बायका आणि म्हातारी माणसं आमच्याकडे वडापला पूर्ण भाडं देतात, कारण सवलत लागू व्हायला आधी गाडी यावी लागते.

आणि कायदा काय म्हणतो? 2019मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम 194अ आलं. जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की जादा प्रवासी उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय झाल्याशिवाय ती गाडी पुढे सोडायची नाही. आमच्याकडे उतरवतात, पावती फाडतात आणि गाडी सोडतात. उतरलेली माणसं पावसात उभी राहतात आणि मागून येणाऱ्या तशाच भरलेल्या गाडीला हात करतात. सुरक्षेसाठी केलेल्या कलमाचा अर्धा भाग रोज वगळला जातो आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही.

माझं म्हणणं असं: जिथे एसटी परवडत नाही असं सरकारनेच ठरवलंय, तिथे छोट्या गाडीला ठरलेल्या मार्गाचा, ठरलेल्या वेळेचा परवाना द्या. आसनांइतकेच प्रवासी, विमा, पासिंग, चालकाची तपासणी हे सगळं त्या परवान्याला बांधा. मग जो मोडेल त्याला खुशाल दंड करा. तुमच्या गावात काय चाललंय ते लिहा.

---

खाडीपलीकडचा

शब्दन् शब्द पटला. आमच्याकडे फेरीबोट आहे, त्यामुळे खाडी ओलांडायला काही वाटत नाही. प्रश्न धक्क्यावरून वर चढायचा आहे. शेवटच्या बोटीला जोडून एकही गाडी नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या आयांना रोज संध्याकाळी फोन करून खात्री करावी लागते की रिक्षा मिळाली का. दोन मुलींनी याच कारणासाठी बारावीनंतर शिक्षण सोडलं. यांची नोंद कुठल्या अपघाताच्या अहवालात होत नाही.

---

निवृत्त_चालक

मी एसटीत चालक होतो, नोकरी सगळी घाटातच गेली. जादा माणसं म्हणजे नुसती गैरसोय असं लोक समजतात, म्हणून लिहितो.

अशा गाडीत जादा वजन सगळं मागच्या आसाच्या पलीकडे येतं. मागे बसलेले, मागच्या पायरीवर उभे, मागे बांधलेली पोती. पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हलकं लागतं. नवख्या पोराला वाटतं गाडी छान वळतेय. प्रत्यक्षात ओल्या वळणावर पुढचं चाक रस्ता धरत नाही आणि गाडी सरळ जाते. सरळ म्हणजे कुठे, ते आपल्या रस्त्यांवर सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं, गाडीचं नाक वर झालं की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, डिपर मारला तरी.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. डिझेल वाचवायला घाटाचा उतार न्यूट्रलवर उतरतात, काही जण तर इंजिन बंद करून. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पाय मारेपर्यंतच टिकते, मग ब्रेक दगडासारखा कडक होतो. आणि चालू इंजिनावरसुद्धा सतत ब्रेकवर उतरलं की लायनर तापून पकड जाते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. या पोरांना कोणी शिकवलंच नाही. परवाना द्यायचा तर चालकांना घाटाचं प्रशिक्षण सक्तीचं करा, ही माझी पहिली मागणी.

वेग नियंत्रकाबद्दल कोणी लिहायच्या आधी सांगतो: चालक सोडून आठ प्रवाशांपर्यंतच्या छोट्या गाड्यांना आणि तीनचाकींना तो नियम लागूच नाही. आणि असता तरी 80ची मर्यादा आमच्या घाटीत काय उपयोगाची? तिथे 30 सुद्धा जास्त होतात.

---

लालडबा

रातांबा, कळकळ समजते, पण या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

महाराष्ट्रात ग्रामीण भागातली टप्पा वाहतूक (थांब्याथांब्यावर माणसं घेत जाणारी) एसटीकडे ठेवली, त्यामागे विचार होता. चालणाऱ्या मार्गाच्या उत्पन्नातून न चालणारा मार्ग पोसायचा. तुम्ही छोट्या गाड्यांना परवाने दिलेत की त्या सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात धावतील. दुपारी, रविवारी, पावसाच्या रात्री गाडी कोण सोडणार? भरलेल्या दोन फेऱ्या गेल्या की उरलेली एसटीही तोट्याचं कारण देऊन बंद करतील. मग पासवाली मुलं कुठे जातील? खाजगी गाडीवाला पास घेणार आहे का?

आणि एसटीच्या तिकिटात काय मिळतं तेही बघा. 1 एप्रिल 2016पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहाय्यता निधीसाठी घेतला जातो आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना 10 लाखांपर्यंत मदत मिळते. वाहकाचं तिकीट हा प्रवास केल्याचा पुरावा आहे. वडापमध्ये पुरावा काय? मागणी करायची तर छोट्या मिडी बस घ्या आणि वस्तीच्या गाड्या परत सुरू करा अशी करा.

---

रातांबा

@लालडबा, पासचा मुद्दा बिनतोड आहे. परवान्याची अटच ती असायला हवी: पास आणि सवलती लागू, आणि फरकाची रक्कम सरकारने गाडीवाल्याला द्यायची, जशी एसटीला देतात. दुपारची एक फेरी सक्तीची. ज्या मार्गावर एसटीची गाडी आहे त्या मार्गावर परवाना द्यायचाच नाही, हेही मान्य. मिडी बस आली तर मी स्वतः हार घालायला जाईन. पण ती येईपर्यंत मुलांनी फळीवर बसायचं, हे मला मान्य होत नाही.

---

सड्यावरची_जीप

मी वडाप चालवतो. इथे सगळे आमच्याबद्दल बोलतायत म्हणून आमचा हिशोब सांगतो.

गाडी जुनी घेतली, त्यावर पतपेढीचं कर्ज. आठ वर्षांवरची गाडी म्हणून पासिंग (गाडीची तपासणी) दरवर्षी. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, दिवस मोडतो, त्याआधी टायर, ब्रेक, रंग. विमा वेगळा. आठ माणसांत हे सुटत नाही, कारण परतीची गाडी रिकामी येते. बाराव्या माणसाचे पैसे मिळाले की हप्ता सुटतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. माझीही मुलं याच गाडीतून जातात.

आमचं परमिट कंत्राटी वाहतुकीचं. म्हणजे कोणीतरी पूर्ण गाडी ठरवून न्यायची. थांब्याथांब्यावर माणूस घेतला की परमिटचा भंग. म्हणजे आठच माणसं घेतली तरी मी गुन्हेगारच. कायदा मोडल्याशिवाय धंदाच होत नसेल तर नवव्या माणसाला नाही म्हणायला माझ्याकडे कारण काय उरतं? रीतसर परवाना, ठरलेलं भाडं आणि रिकाम्या फेरीला थोडा आधार मिळाला तर जादा माणूस घेणार नाही, आणि दुसऱ्याने घेतला तर त्यालाही मीच अडवीन.

---

काळा_कोट

वरच्या प्रतिसादात मूळ अडचण आली. टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक हे दोन वेगळे परवाने आहेत आणि गावातल्या वडापचं काम पहिल्या प्रकारचं, कागद दुसऱ्या प्रकारचा. विनापरवाना किंवा परवान्याबाहेर गाडी चालवली तर कलम 192अ खाली 10,000 रुपये दंड आहे.

पण वाट आहे. 2019च्याच दुरुस्तीत कलम 67ला पोटकलम 3 जोडलं गेलं. त्याप्रमाणे राज्य सरकार अधिसूचना काढून परवान्यांत बदल करू शकतं किंवा प्रवासी वाहतुकीची योजना आखून तिच्याखाली परवाने देऊ शकतं, आणि कशासाठी ते सांगताना 'ग्रामीण वाहतूक' हे शब्द त्या कलमात स्पष्ट आहेत. कलम 72लाही पुस्ती जोडली: ग्रामीण भागातल्या टप्पा वाहतूक परवान्याच्या अटी प्राधिकरणाला शिथिल करता येतात. तेव्हा रातांबा मागतायत त्यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्याने योजना काढायची आहे, एवढंच.

विम्याबद्दल सगळ्यांनी नीट वाचा, विशेषतः सड्यावरची_जीप यांनी. सर्वोच्च न्यायालयाचा 2007चा अंजना श्याम निकाल आहे, हिमाचलमधल्या अपघाताचा. 42 प्रवाशांची परवानगी असलेल्या बसमध्ये 90 जण होते. न्यायालयाने सांगितलं की विमा कंपनीची जबाबदारी 42 जणांपुरतीच. सर्वांत मोठ्या 42 भरपाया मोजायच्या, तेवढी रक्कम कंपनीने भरायची आणि ती सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटायची. उरलेलं मालकाकडून वसूल करायचं. आता हेच आठ आसनांच्या जीपला लावा. पंधरा घरांनी आठ जणांची भरपाई वाटून घ्यायची आणि बाकीच्यासाठी कर्जात बुडालेल्या जीपवाल्याच्या मागे लागायचं. फळीवर बसलेल्या प्रत्येक मुलामुळे शेजारच्या बाकावरच्या माणसाचाही विमा कमी होतो, हे गावात कोणी समजावून सांगत नाही.

पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेणाऱ्यांना तर मी हात जोडतो. भाडं घेतल्याचं सिद्ध झालं की पॉलिसीच्या अटीचा भंग झाला म्हणून कंपनी हात वर करायला बघते, आणि घरच्यांची वर्षं कोर्टात जातात.

---

बांद्याकडचो

तुम्ही म्हणतास ता खरा आसा. आमच्या हयसून पोरां रोज गोव्यात कामाक जातत. सकाळी एसटी गावली तर गावली, नायतर कोणाच्या तरी मोटरसायकलीर मागे बसान.

पुढे सगळ्यांना समजेल असं लिहितो. शेजारच्या गोव्यात खाजगी बसना पूर्वीपासून मार्गाचे परवाने आहेत. त्यातले दोषही आम्ही बघतो, प्रवाशांसाठी दोन बसची शर्यत लागते. म्हणून आता तिथे 'म्हजी बस' योजनेत खाजगी मालकाची बस गोवा सरकारच्या कदंब महामंडळासाठी धावते आणि मालकाला किलोमीटरमागे पैसे मिळतात. माणसं किती बसली यावर मालकाचं पोट नाही, त्यामुळे कोंबायची गरजच राहत नाही. लालडबा यांची काळजी आणि जीपवाल्यांचा हप्ता, दोन्ही यात बसतं असं मला वाटतं. एसटीनेच आपल्या नावाने छोट्या गाड्या किलोमीटरवर घ्याव्यात.

---

लालडबा

@बांद्याकडचो, असं असेल तर माझा विरोध पुष्कळ कमी होतो. तिकीट एसटीचं, पास एसटीचा, वेळापत्रक आगाराचं, अपघात निधी लागू. गाडी आणि चालक गावातला. यावर चर्चा व्हायला हवी.

---

चाकरमानी_परळ

मुंबई-गोवा महामार्गाचं काय? 2011पासून चौपदरीकरण चाललंय. गणपतीला यायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. आधी तो रस्ता पूर्ण करा, मग बाकीचं.

---

रातांबा

@चाकरमानी_परळ, महामार्गाचं दुःख सगळ्यांचंच आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलं जातं. इथे आपण महामार्ग सोडल्यानंतरच्या रस्त्याबद्दल बोलूया. रस्त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र या विषयाला लागून आहे. अपघातप्रवण ठिकाण ठरवायचा निकष असा आहे: साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. मुळात हा निकष राष्ट्रीय महामार्गांसाठी. आमच्या घाटीत दिवसाला मोजक्या गाड्या जातात, तिथे पाच अपघात व्हायची वाट बघायची का? 2018च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात एकच बस दरीत गेली आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातली 30 माणसं गेली. कमी रहदारीच्या रस्त्यावर अपघात मोजून नव्हे, रस्ता बघून कठडे बांधायला हवेत.

---

उपकेंद्रातली_सिस्टर

उशिरा लिहितेय, ड्युटी होती. 108 मुळे तातडीच्या रुग्णाची सोय बऱ्यापैकी होते. माझा रोजचा प्रश्न तातडी नसलेल्या रुग्णाचा आहे. आठव्या महिन्यातली बाई तपासणीला वडापमधून येते, मधल्या बाकावर दोघींच्या जागेत चौघी. काही जणी त्या हादऱ्यांना घाबरून तारीखच चुकवतात आणि मग खरोखर तातडी होते. डायलिसिसवाल्यांना तर आठवड्यातून दोन-तीन वेळा ठरलेल्या वेळी पोचावंच लागतं. वेळापत्रक करताना उपजिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ बघून करा, एवढी विनंती तुमच्या मागणीत घाला.

आणखी एक. अपघात झाला तर जखमीला उचलायला लोक अजून घाबरतात. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, कलम 134अ त्याच्या बाजूने आहे. 2025च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना लागू झालीय. हे प्रत्येक जीपच्या काचेवर मराठीत चिकटवा.

---

रातांबा

सगळ्यांचे आभार. ग्रामसभेसाठी ठरावाचा कच्चा मसुदा केलाय, मुद्दे असे. आमच्या मार्गावर कलम 67(3) खाली ग्रामीण वाहतूक योजना करावी आणि शक्यतो गाडी एसटीच्या नावाने किलोमीटरच्या दराने चालवावी. पास आणि सवलती लागू. आसनाबाहेर एकही प्रवासी नाही, मागचं दार आतून उघडणारं. चालकाला घाटाचं प्रशिक्षण. वेळापत्रक शाळा, बाजार, रुग्णालय आणि फेरीबोटीला जोडलेलं. तोपर्यंत तपासणी करताना कलम 194अ पूर्ण पाळावं: ज्या दिवशी मोहीम, त्या दिवशी उतरवलेल्या प्रवाशांसाठी तिठ्यावर एसटीची एक गाडी उभी. शाळेच्या मुलांचा मुद्दा वेगळ्या पत्रात, कारण 2011च्या राज्य नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. ती आमच्याकडे कागदावर तरी आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारतोय.

@काळा_कोट, ठराव पाठवायचा कोणाला?

---

काळा_कोट

जिल्ह्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला. जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात, परिवहन अधिकारी सचिव. एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, एक एसटीच्या विभाग नियंत्रकांना, एक परिवहन आयुक्तांना, कारण योजना शेवटी राज्यालाच काढावी लागेल. आवक क्रमांकाची पोच घ्या. जवळच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी त्याच मार्गासाठी ठराव दिले तर टाळणं अवघड जातं.

---

निवृत्त_चालक

मार्गाची पाहणी लागली की मला कळवा, मी येतो. पाहणी दुपारच्या उन्हात करू देऊ नका. पाऊस चालू असताना आणि अंधार पडल्यावर करा, भरलेल्या गाडीतून. घाटीच्या खालच्या मोरीपाशी दोन गाड्या समोरासमोर आल्या की चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. पण तिथे उतरणाऱ्याला थांबायला जागाच नाही, वर वळणाच्या आधी बगल काढावी लागेल. ती जागा ग्रामपंचायतीची आहे की वनखात्याची, हे आताच तलाठ्याकडून बघून ठेवा.